दुसरं बोलावणं

१

सकाळचं पाणी भरून झालं, देवापुढे उदबत्ती लागली आणि प्रल्हादरावांनी पेपर उघडून जगाला नावं ठेवायला सुरुवात केली, की कुमुद चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत कम्प्युटरपुढे बसायची. जबलपूरच्या गोरखपूर बाजाराचा गलका त्या खोलीपर्यंत पोचत नसे. खिडकीच्या छज्ज्यावर पारवे घुमायचे, वेताची खुर्ची कुरकुरायची आणि महिला मंडळाच्या ईमेल वाचून कुमुद एकेकीला उत्तर द्यायची. मॅट्रिकनंतर ती फारसं काही शिकली नव्हती, पण हे काम ती मन लावून करायची.

यंदा भाद्रपदाच्या तोंडावर पुण्याहून दुर्वाचा फोन आला. दुर्वा ही त्यांची एकुलती एक लेक. तिनं दोन मैत्रिणींना घेऊन ईमेलसाठी एक नवा प्रोग्रॅम तयार केला होता.

"आई, तुझा जुना प्रोग्रॅम काढून टाकते आणि आमचा घालून देते. अजून कच्चा आहे. तू चालवून बघ आणि कुठं अडलं ते सांग."

"मलाच काहून पकडलं? गावात शिकलेले लोक कमी आहेत का?"

"तुला जमलं म्हणजे जगाला जमलं."

"ही तारीफ आहे का टिंगल?"

"दोन्ही," दुर्वा म्हणाली आणि पुण्यात बसूनच तिनं आईच्या कम्प्युटरवरचा बाण इकडंतिकडं फिरवायला सुरुवात केली.

प्रोग्रॅमचं नाव होतं पारवा. नवी ईमेल आली की तो घुटर्घूं करायचा. आपण पाठवलेली ईमेल कुणी उघडली, की त्याच्या नावापुढं एक इवलीशी पणती पेटायची. समोरचा माणूस उत्तर लिहायला बसला, तर नावाखाली 'लिहीत आहेत' अशी अक्षरं उमटायची. कुमुदला तो फार आवडला. फक्त कधीकधी घुटर्घूं ऐकून ती लगबगीनं आत यायची, तर खिडकीतला खरा पारवा तिच्याकडे मान वाकडी करून बघत असायचा.

"अच्छा, तू आहेस होय," ती म्हणायची.

२

कुमुदच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या. प्रल्हादरावांच्या आजोबांनी वर्ध्याकडून जबलपूरला येताना दोन्ही मुखवटे आपल्या मांडीवर ठेवून आणले होते. महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी आणि आंबील. आणि त्या जेवणाचं आवतणही वऱ्हाडी रीतीचं. आधी एकदा आवतण द्यायचं आणि पानं वाढायला घेतली की पुन्हा एकदा 'चला जेवायला' म्हणून बोलावणं पाठवायचं. या दुसऱ्या बोलावण्याशिवाय कुणी घरून हलत नसे. भूक लागलेली असली तरी माणसं आपापल्या ओट्यावर बसून राहत.

दुर्वानं आईच्या हौसेखातर पारव्यात तसं एक बटणच करून दिलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'दुसरं बोलावणं'.

"पण आई, सध्या ते सगळ्यांना एकदमच जातं. एकेकट्याला पाठवायची सोय अजून व्हायची आहे."

"मला सगळ्यांनाच तर बोलवायचं आहे," कुमुद म्हणाली.

त्या सगळ्यांत तिचं लक्ष खरं एकाच माणसाकडं होतं. तुळशीराम भाऊजी. प्रल्हादरावांच्या मोठ्या बहिणीचे, शकुताईंचे यजमान. शकुताई मागच्या पौषात गेल्या, अहेवपणी, भरल्या कपाळानं. तेव्हापासून भाऊजी गावाच्या गढा भागातल्या आपल्या घरात एकटे होते. कानाला कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा उपयोग नव्हता. कानातलं यंत्र त्यांनी काढून खणात टाकलं होतं. ऐकायचं आता कोणाचं, म्हणायचे. दाराची घंटी वाजली तरी उठत नसत. खाणं म्हणजे पोहे नाहीतर चहाबिस्किट. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता. दिवसातून एकदा कम्प्युटर उघडायचे, तेवढाच काय तो जगाशी संबंध.

पोळ्याच्या आसपास एकदा ते बड्या फुहाऱ्याच्या चौकात भेटले, तेव्हा हसून म्हणाले होते, "वहिनी, आता आपलं काही राहिलं नाही. ती बोलावेल तेव्हा जायचं."

ते हसू कुमुदला आवडलं नव्हतं. त्याच दिवशी तिनं ठरवलं, की महालक्ष्म्यांना भाऊजींना आपल्या पंगतीत बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. एकदा माणूस पानावर बसला की पुन्हा माणसांत येतो, असा तिचा भरवसा होता.

पारव्यानं तिच्या जुन्या ईमेलमधून गेल्या वर्षीच्या पाहुण्यांची नावं आपणहून गोळा करून ठेवली होती. कुमुदनं आवतण लिहिलं, हात जोडलेलं चित्र टाकलं आणि पाठवून दिलं.

३

दुपारपर्यंत पणत्या पेटायला लागल्या. मंडळातल्या शर्मिलाची पेटली, पूर्णिमाची पेटली. भाऊजींची पेटली, तेव्हा कुमुदनं पुरणाच्या हातांनीच टाळी वाजवली.

आणि मग तिनं भाऊजींच्या वरचं नाव वाचलं. शकुताई.

गेल्या वर्षीच्या नावांत ते होतंच. पारव्याला काय ठाऊक, कोण आहे आणि कोण नाही ते. कुमुदच्या जिवाला चुटपुट लागली. गेलेल्या माणसाला आवतण गेलं म्हणजे काय हे. मग तिच्या लक्षात आलं, की त्या नावापुढं पण पणती जळत होती.

"अहो, जरा इकडं या बरं."

प्रल्हादराव चष्मा कपाळावर चढवून आले आणि वाकून बघितलं. आपल्या बहिणीच्या नावावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"भाऊजी उघडत असतील तिची ईमेलची पेटी," ते म्हणाले. "एकटा माणूस आहे. जुनं वाचत बसत असेल. त्यात काहून घाबरून राहिली?"

"घाबरले नाही. विचारलं."

"ताई जिवंत असती तर म्हटली असती, कुमुद, आवतण दिलं, आता दुसरं बोलावणं विसरू नको, नाहीतर तुझी आंबील तूच पी."

दोघंही हसली. शकुताई होत्याच तशा. अंगानं भरलेल्या, बोलायला फटकळ, हसायला मोकळ्या. फाटकाची एक फळी उघडली तर म्हणायच्या, दुसरी पण उघडा रे, मला एकीत भागत नाही. आल्या की पहिल्यांदा पंखा एकवर आणायच्या, वारा डोक्यात बसतो म्हणून. आणि जाताना हळदीकुंकू लावल्याशिवाय जागच्या उठायच्या नाहीत. एकदा गर्दीत कुमुदच्या हातून ते राहिलं, तर बाई दिवेलागणीपर्यंत त्याच वेताच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या होत्या. "कुंकू नाही तर मी पण नाही उठत. चहा टाक."

भाऊजी त्यांची पेटी उघडत असतील, हे कुमुदला पटलं. पटल्यावर बरंही वाटलं. ती गुणगुणत पुन्हा पुरणाकडं गेली.

४

तरी तिनं ते नाव काढून टाकलं. उगाच भाऊजींना टोचायला नको. नाव गेलं. खोलीतून बाहेर जाऊन ती परत आली, तर ते जागेवर होतं, पणतीसकट. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. मग तिनं भाऊजींना वेगळी ईमेल लिहून बघितली, तर ती 'जायची आहे' असं म्हणत जागीच अडकून बसली.

दुर्वाला फोन लावला.

"गुड, आई! हेच तर पाहिजे होतं. नाव पुसलं तरी परत येतं, अच्छा, लिहून घेते. आणि एकट्याची ईमेल अडकते. अजून काही?"

"आतोबा शकुआत्याची पेटी उघडत असतील, नाही का गं? पणती पेटलेली आहे."

"नाही आई. आत्याची पेटी बंद केली मी. आतोबांनीच सांगितलं होतं. संक्रांतीनंतर मी आले होते ना, तेव्हा. तिथं ईमेल जाऊच शकत नाही."

"मग पणती?"

"बग आहे. कच्चा प्रोग्रॅम आहे गं, असल्या चुका निघतातच. तू अशी टेन्शन घेऊन नको बोलू, मला अपराध्यासारखं वाटून राहिलं."

"चल, बग तर बग," कुमुद म्हणाली. तिला त्या शब्दाचा खूप आधार वाटला. बग म्हणजे किडा, असं दुर्वानंच तिला सांगितलं होतं. तांदळात किडा निघतो, त्यात भिण्यासारखं काय? वेचून टाकायचा.

फोन ठेवून ती पडद्याकडं वळली. शकुताईंच्या नावाखाली अक्षरं उमटली होती. लिहीत आहेत.

खिडकीतले पारवे उडून गेले होते. खोलीत नुसती पंख्याची घरघर होती. कुमुद उभ्याउभ्या त्या अक्षरांकडं बघत राहिली. शकुताई एका बोटानं टाइप करायच्या. एकेक अक्षर शोधून, चष्मा पुसून, पुन्हा शोधून. लोणच्याची कृती लिहायला त्यांना अख्खी दुपार लागायची. अक्षरं मिनिटभर दिसायची, विझायची, पुन्हा दिसायची.

संध्याकाळी बघितलं तरी त्या लिहीतच होत्या.

५

जेवणाच्या दिवशी घर भल्या पहाटेपासून घमघमत होतं. महालक्ष्म्या भरजरी पातळं नेसून, नथी घालून मखरात उभ्या होत्या. पूर्णिमा आणि शर्मिला मदतीला आल्या होत्या. दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालत होती.

"कुमुदताई, पोळी फुगली बघ. तुझ्यासारखी."

"आधी तुझी फाटलेली बघ. पुरण बाहेर डोकावून राहिलं."

पानं मांडून झाली. बायकांची पंगत आतल्या खोलीत, पुरुषांची बाहेर. कुमुदच्या घरी सवाष्णींच्या पंगतीत एक पान नेहमी वाढीव असायचं, अवचित कुणी आलं तर असावं म्हणून. तेही मांडलं.

भाऊजींचा पत्ता नव्हता. प्रल्हादराव आदल्या दिवशी स्कूटर काढून गढ्याला जाऊन आले होते. घंटी वाजवली, कडी वाजवली, गल्लीतल्या लोकांनी खिडक्यांतून बघितलं, पण दार काही उघडलं नाही. आत कम्प्युटरचा निळा उजेड दिसत होता म्हणे.

"दुसऱ्या बोलावण्याशिवाय तो नाही यायचा," प्रल्हादराव आता म्हणाले. "मोठा मानी जावई आहे आमचा. पाठव तुझा पारवा."

कुमुद मागच्या खोलीत आली. बटण समोर होतं. दाबलं की सगळ्यांना जाणार होतं. सगळ्यांना.

तिनं स्वतःची समजूत घातली. बंद पेटीत काही जात नाही. पणती म्हणजे किडा आहे. आपण शाळा शिकलेलो आहोत, आपली लेक असले प्रोग्रॅम बनवते. तरी हात पुढं होईना. आवतण काय, चुकून गेलं. त्याला अर्थ नव्हता. पण दुसरं बोलावणं गेलं, की माणूस उठतो. चपला घालतो.

आणि ती बोलावेल तेव्हा जायचं, असं भाऊजी म्हणाले होते. ती आलीच, आणि जाताना त्यांना सोबत घेऊन गेली तर?

दाबू नये, तर भाऊजी आज पण चहाबिस्किटावर राहतील. उद्या पण. असं किती दिवस?

नावाखाली अक्षरं उमटली होती. लिहीत आहेत.

"कुमुदताई, भात निवून राहिला!" शर्मिला ओरडली.

कुमुदनं डोळे मिटून बटण दाबलं. पारवा घुमला. डोळे उघडले, तेव्हा शकुताईंच्या नावाखालची अक्षरं गेली होती. पणती मात्र तेवत होती.

६

भाऊजी आले.

कुमुदनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. धुतलेला पांढरा शर्ट, हातात छत्री. फाटकाची एक फळी त्यांनी उघडली. मग वाकून खालची खिटी ओढली आणि दुसरी पण उघडली. जरा बाजूला होऊन थांबले आणि मागून आत आले.

"या भाऊजी!" प्रल्हादरावांनी मोठ्यानं म्हटलं.

"ओरडू नको. यंत्र घालून आलो आहे," भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले. कुमुदचे डोळे भरून आले. ती वाढायच्या घाईत लागली.

पंगत रंगली. बाहेरून भाऊजींचा आवाज येत होता. ते प्रल्हादरावांना कढीवरून टोमणे मारत होते. आत बायका नवऱ्यांच्या तक्रारी सांगून हसून लोटपोट होत होत्या. मध्येच पंखा मंदावला.

"अगं बाई, एवढ्या उकाड्यात पंखा कोणी कमी केला?" शर्मिला म्हणाली.

"व्होल्टेज गेलं असेल," पूर्णिमा म्हणाली.

कुमुद तुपाची वाटी घेऊन निघाली. वाकायचं, पोळीवर धार धरायची, नको नको म्हणणाऱ्या हातावरून आग्रहानं वाढायचं आणि पुढं सरकायचं. पूर्णिमाचा हात आडवा आला. "बस, बस!" शर्मिलाचा आला. मग एक गोरा, गुबगुबीत हात आला. हिरव्या बांगड्या, मनगटावर जुनं तुळशीचं गोंदण.

"असू द्या ताई, थोडंच," कुमुद सवयीनं म्हणाली, धार धरली आणि पुढं सरकली.

दोन पानं पुढं गेल्यावर तिचा हात थांबला.

मागं वळायला तिला वेळ लागला. वाढीव पानापुढं कुणीच नव्हतं. दोन्ही बाजूंच्या बायका मात्र जरा जरा सरकून बसल्या होत्या, भरलेल्या अंगाच्या माणसाला जागा द्यावी तशा. पोळीवर तूप होतं. आंबिलीची वाटी रिकामी होती.

"काय झालं गं?" पूर्णिमानं विचारलं.

"काही नाही," कुमुद म्हणाली. "आंबील आणते अजून."

७

हळूहळू घर रिकामं झालं. कुमुदनं करंडा हातात घेऊन दारात उभं राहून प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. बायका पायऱ्या उतरून, हातातला नारळ सांभाळत, बाजाराच्या दिशेनं गेल्या.

भाऊजी शेवटी निघाले. चेहऱ्यावर रंग आला होता.

"वहिनी, किती महिन्यांनी जेवलो," ते म्हणाले. "आता घरी जाऊन निवांत झोपतो. पुढल्या रविवारी येऊ का? प्रल्हादला कढी शिकवायची आहे."

"याच. वाट बघते."

ते फाटकापर्यंत गेले. एक फळी उघडली, एकटेच बाहेर पडले आणि फाटक ओढून घेतलं.

कुमुदचं हसू ओठांवरच राहिलं. येताना दोन फळ्या उघडल्या होत्या.

ती हळूहळू मागच्या खोलीत आली. तिथला पंखा तिनं लावला नव्हता. तो एकवर फिरत होता. वेताची खुर्ची खिडकीकडं वळवलेली होती, तिची गादी मधोमध दबलेली. पडद्यावर शकुताईंच्या नावाखाली काही नव्हतं. लिहायची आता गरज उरली नव्हती.

सवाष्ण जेवून बसली होती आणि तिला अजून कुंकू लागलं नव्हतं.

कुमुदच्या हातात करंडा होता. सवयीनं बोट आत गेलं, कुंकू बोटावर आलं. लावायचं आणि निरोप द्यायचा, एवढंच. मग त्या उठतील. पायऱ्या उतरतील. आणि त्यांचं घर गढ्यात. तिथं भाऊजी पोटभर जेवून, यंत्र काढून, आज पहिल्यांदा निवांत झोपलेले असतील.

खुर्चीच्या दिशेनं गेलेलं बोट तिनं मागं घेतलं. पदराला पुसलं. करंड्याचं झाकण घट्ट लावलं.

"ताई," ती म्हणाली. आवाज तिनं अगदी नेहमीसारखा ठेवला. "एवढी काय घाई? माहेरी आला आहात. राहा आता चार दिवस."

एक पारवा घुमला. खिडकीतला की पडद्यावरचा, ते तिनं बघितलं नाही.

"कोणाशी बोलून राहिली गं?" बाहेरून प्रल्हादरावांनी विचारलं.

"पारव्याशी. चहा घेणार का?"

"अर्धा."

तिनं करंडा तांदळाच्या डब्यात, हात पोचेल तितक्या खोल पुरला. मग पातेल्यात पाणी टाकलं, तीन कपांचं. उद्या महालक्ष्म्यांची बोळवण होती. दहीभाताचा नैवेद्य होईल, त्यांना कुंकू लावावं लागेल, तेव्हा करंडा बाहेर काढावाच लागेल. त्याचं काय ते उद्या.

मागच्या खोलीत वेताची खुर्ची कुरकुरली, कुणीतरी ऐसपैस टेकून बसल्यासारखी.

कुमुदनं आलं जरा जास्तच किसलं, आणि गॅस बारीक केला. चहा उकळायला जितका वेळ लागेल, तितकं बरं.